मातीचे घर आणि सक्तीचा साधेपणा

गेल्या हिवाळ्यात पश्चिम नागपुरातील एका सभागृहात ‘पर्यावरणपूरक घर’ ह्या विषयावर व्याख्यान आणि चित्रांचे प्रदर्शन होते. एका विद्यार्थ्याच्या आग्रहाखातर मी गेलो. वक्ते वास्तुशिल्पी होते, अभ्यासू होते, बोलतही चांगले होते. पडद्यावर मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, कवेलूचे छप्पर, कोनाड्यातला दिवा अशी चित्रे येत होती आणि श्रोते माना डोलावत होते. आपले पूर्वज निसर्गाशी एकरूप होऊन राहत असत, सिमेंटने आपण ते सारे घालवले, असा त्या व्याख्यानाचा एकूण आशय होता. घरी आल्यावर मी हे आईला सांगितले. तिचे वय आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे आणि आयुष्याची पहिली चाळीस वर्षे ती कुडामातीच्या घरात राहिली आहे. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “तुह्या त्या सायबाच्या घरी सारवते कोन, हे इचारलं काय रे तू?”

मी ते विचारले नव्हते. म्हणून आता येथे विचारतो आहे.

घर बांधण्याच्या तंत्राची चर्चा वाङ्मय आणि समाजचिंतनाच्या नियतकालिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु त्या सभागृहात चर्चा तंत्राची नव्हतीच. ती सौंदर्याची आणि मूल्यांची होती. मातीचे घर सुंदर आहे, साधे आहे, पवित्र आहे, असे तेथे सांगितले जात होते. सुंदर म्हणजे काय, कोणाच्या अनुभवावरून ते ठरते, हा प्रश्न दलित साहित्याने मराठी समीक्षेला पन्नास वर्षांपूर्वीच विचारला आहे. कवितेतल्या चांदण्याला आपण जो प्रश्न विचारला, तोच आता मातीच्या भिंतीला विचारण्याची वेळ आली आहे.

प्रथम हे समजून घेऊ की ‘मातीचे घर’ नावाची एकच वस्तू कधी नव्हती. विदर्भातल्या मालगुजाराच्या वाड्यालाही मातीच्याच भिंती असत. पण त्या हात-दीड हात जाडीच्या, पांढऱ्या मातीच्या, दगडी जोत्यावर उभ्या केलेल्या. अशा भिंतीतून दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. मातीच्या घरातला जो गारवा वाखाणला जातो, तो ह्या जाडीचा गारवा आहे. आमच्या घराला तुराट्यांचा आणि पऱ्हाट्यांचा कूड होता. त्यावर दोन्ही बाजूंनी मातीचा लेप. जाडी चार बोटे. ती मातीही वावराकडची काळी, जी पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. त्यामुळे दर उन्हाळ्यात भिंतीला भेगा आणि दर पावसाळ्यात भिंतीचा एक तुकडा जमिनीवर. भेगेत विंचू असे. आई आठवड्यातून एकदा सारवी आणि दिवाळीच्या आधी सगळे घर नव्याने लिंपी. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करून आल्यावर हे काम तिने केलेले आहे. तिच्या हाताच्या बोटांना शेणमातीने पडलेल्या भेगा मी पाहिल्या आहेत. त्या प्रदर्शनातल्या एकाही चित्रात हात नव्हता. भिंत होती, जमीन होती, त्यावरची रांगोळी होती. हे सगळे करणारी बाई नव्हती.

मराठीत गावाला ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे घरांची. ह्या दोन्हींच्या सीमा ठाऊक असणारा माणूस म्हणजे महार. सीमेचा तंटा झाला तर त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई. आणि ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे त्याचे स्वतःचे घर पांढरीच्या बाहेर असे. अस्पृश्यांची वस्ती दक्षिणेला असावी, कारण ती दिशा अशुभ. जमीन किंवा गुरे मिळवणे हा अस्पृश्याचा अपराध. आणि कौलारू घर बांधणे हाही अपराध, असे खेड्याचे अलिखित कायदे बाबासाहेब आंबेडकरांनी एकामागून एक नोंदवून ठेवले आहेत. महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ते कोणालाही वाचता येतील. ह्या खंडाचे संपादन नागपूरच्याच वस्तीत वाढलेल्या वसंत मून यांनी केले, हेही येथे आठवण्यासारखे आहे.

कौलारू घर हा अपराध. ह्या एका वाक्यावर मातीच्या घराची सगळी चर्चा अडते. आमचे आजे-पणजे गवताच्या छपराखाली राहिले, ते निसर्गावरच्या प्रेमामुळे राहिले नाहीत. छपरावर कवेलू चढवले तर गावाचा रोष ओढवत असे, म्हणून राहिले. त्यांचा साधेपणा ही शिक्षा होती. शिक्षा भोगणाऱ्याच्या कोठडीला कोणी ‘साधी राहणी’ म्हणत नाही.

नागपूरहून दीड-दोन तासांच्या अंतरावर सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ मध्ये तेथे राहायला गेले. आदी निवास आणि बापू कुटी ह्या माती, बांबू आणि कवेलूच्या वास्तू आजही तेथे उभ्या आहेत आणि पर्यावरणपूरक बांधकामावर बोलणारा बहुधा प्रत्येक जण त्यांचा दाखला देतो. आदर्श खेड्यातले घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामग्रीतून उभे राहावे, हा गांधीजींचा विचार लॉरी बेकर आयुष्यभर सांगत राहिले आणि केरळात त्यांनी त्या विचाराने शेकडो इमारती उभ्या केल्या. मी बापू कुटी तीन वेळा पाहिली आहे. ती सुरेख आहे, हे मी नाकारत नाही. तेथे उभे राहिल्यावर माझे लक्ष मात्र छपराकडे जाते. साधेपणाचे प्रतीक ठरलेल्या त्या कुटीवर कवेलू आहेत, आणि त्याच देशात, त्याच काळात, अनेक गावांत तेच कवेलू घराघराची जात पाहून चढत होते. ज्याला महाल बांधता येतो त्याने झोपडीत राहणे हा त्याग आहे, त्याचे मोल मोठे आहे. ज्याला झोपडीखेरीज काही बांधूच दिले जात नाही, त्याचे झोपडीत राहणे हा त्याग नाही. दोन्ही घरांची माती एकच असते, एवढ्यावरून दोन्हींना एकच नाव देणारी सौंदर्यदृष्टी आंधळी आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाविरुद्ध जे परखड बोल सुनावले, त्यामागे हाच अनुभव होता.

आपल्याकडे मातीलाही वर्ण आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ ह्या दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात वास्तुविद्येचे प्रकरण आहे. त्यात ब्राह्मणाला पांढरी, क्षत्रियाला तांबडी, वैश्याला पिवळी आणि शूद्राला काळी भूमी सांगितली आहे. घराची रुंदी ब्राह्मणाला बत्तीस हात आणि पुढे वर्णागणिक चार-चार हात कमी. म्हणजे घराचे क्षेत्रफळ जातीनुसार देण्याचा नियम शास्त्रात लिहिलेला आहे. अशा ह्या वास्तुशास्त्राला आज ‘निसर्गाशी सुसंवाद साधणारे प्राचीन विज्ञान’ म्हणून सौरऊर्जेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या शेजारी मांडले जाते. मी पाहिलेल्या प्रदर्शनातही एक फलक त्याचा होता. दुःख ह्याचे की, हे खूळ आपल्याही घरात शिरले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला ह्याच नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आईबापांची मुले आज नव्या घराचा नकाशा घेऊन वास्तुवाल्याकडे जातात आणि ईशान्य कोपरा विचारतात. ज्या शास्त्राने आपल्याला दक्षिणेला फेकले, त्यालाच दिशा विचारणे ह्यासारखी आत्मवंचना नाही.

आता सिमेंटविषयी. आमच्या बापाने गिरणीतून मिळालेल्या पैशांतून १९८० च्या सुमारास दोन खोल्यांवर स्लॅब टाकला. स्लॅबच्या दिवशी गल्लीतली सगळी माणसे घमेली घेऊन आली होती. रात्री जेवण झाले. बाप ओल्या स्लॅबच्या कडेला उभा राहून बराच वेळ वर पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होते, त्याला ‘भोगवाद’ म्हणणाऱ्या पर्यावरणवाद्याशी माझे भांडण आहे. तो स्लॅब म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या एका कायद्याचा भंग होता. दलिताच्या पक्क्या घराचा अर्थ प्रथम हा आहे, आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय त्या घरावर टीका करण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही.

परंतु येथेच थांबलो तर आपणही अर्धे सत्य सांगू. तोच स्लॅब आज आम्हाला भाजतो आहे. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खालच्या खोलीत सोडतो. रात्री दहा वाजता हात वर केला तरी धग लागते. टिनाच्या घरात तर दुपारी थांबताच येत नाही. खोलीला खिडकी एकच, तीही गल्लीकडे. कूलर लावावा तर पाणी एक दिवसाआड. महापालिकेने २०१६ पासून उष्णतेचा कृती आराखडा केला, ही चांगली गोष्ट आहे. पण उष्माघाताची सूचना मिळालेल्या माणसाने सावलीत, घरात थांबावे, असे सांगितले जाते तेव्हा घरच भट्टी असलेल्या माणसाने कोठे थांबावे? आणि सिमेंट फुकट येत नाही. चुनखडी सुमारे १,४५० अंशांपर्यंत भाजून ते तयार होते. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरला जातो. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना-राजुऱ्याकडे ह्या चुनखडीच्या खाणी आणि कारखाने आहेत. हवामान बिघडले की त्याचा पहिला चटका टिनाखालच्या माणसाला बसतो. तेव्हा पर्यावरणाचा प्रश्न हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. तो आपलाच प्रश्न आहे आणि तो आपण परक्यांच्या हाती सोडला आहे.

तो परक्यांच्या हाती कसा विपरीत होतो, ह्याचे उदाहरण म्हणजे राखेची वीट. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे आहेत. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. त्या राखेपासून केलेल्या विटेला भट्टीत भाजावे लागत नाही, शेतातली वरची सुपीक माती वाचते, कोळसा वाचतो. म्हणून केंद्र सरकारने १९९९ पासून अधिसूचना काढून औष्णिक केंद्रांच्या परिसरातील बांधकामांत राखेचा वापर बंधनकारक केला. वीट म्हणून ती चांगलीच आहे. शहरातली अनेक ‘हरित’ घरे तिची आहेत. पण जी राख विटेत जात नाही ती कोठे जाते? ती पाण्यात कालवून खेड्यांच्या शेजारी तलावांत साठवली जाते. जुलै २०२२ च्या पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत आणि वस्त्यांत शिरला. शहरातल्या घराला त्याच्या राखेच्या विटेबद्दल गुण मिळतात. राखेच्या काठावर राहणाऱ्याच्या विहिरीची नोंद त्या घराच्या हिशेबात कोठेच होत नाही. इमारतींना मानांकन देणाऱ्या ‘गृह’ ह्या भारतीय पद्धतीत बांधकामावरच्या मजुरांच्या सुरक्षेचा आणि शौचालयाचा निकष आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो निकषही कुंपणापाशी संपतो. वीटभट्टीवर उचल घेऊन, हजार विटांच्या दराने राबणारे कुटुंब त्या कुंपणाच्या बाहेर आहे, आणि राखेचे गावही बाहेरच आहे.

माझ्या मते सगळा घोळ येथे आहे. पर्यावरणपूरक बांधकामाचा विचार एक घर घेऊन त्याच्याभोवती रेघ मारतो आणि रेघेच्या आतला हिशेब स्वच्छ करतो. ही रेघ मारण्याची सवय आपल्या समाजाला फार जुनी आहे. घर आत, घाण बाहेर. पांढरी आत, महारवाडा बाहेर.

दलित आत्मकथनांनी ही रेघ मानलेली नाही. वसंत मून यांच्या आत्मकथनाचे नाव ‘वस्ती’ आहे. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. माणूस स्वतःची कहाणी सांगतो आणि तिला नाव देतो वस्तीचे, ह्यात एक दृष्टी आहे. पांढरपेशा आत्मचरित्रांत घर असते. त्याला अंगण, माजघर, देवघर असते आणि दार लावले की जग बाहेर राहते. आमच्याकडे दार लावून जग बाहेर ठेवण्याइतकी जागाच नव्हती. नळ, गल्ली, आखाडा, सभा, भांडणे, पुस्तके, सारे वस्तीचे होते. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधला मुंबईचा कावाखाना आठवा. तेथेही एक खोली वेगळी काढून दाखवता येत नाही. हा केवळ वाङ्मयीन विशेष नाही. घराचे मोजमाप वस्तीने करायचे, हा त्यातून मिळणारा निकष आहे आणि बांधकामाच्या समीक्षेला आज त्याचीच गरज आहे.

ह्या निकषाने पाहिले की बऱ्याच गोष्टी सरळ दिसू लागतात. आमच्या गल्लीत काही वर्षांपूर्वी सिमेंटचा रस्ता झाला. तो आमच्या उंबरठ्यापेक्षा वीतभर उंच झाला. आता पाऊस जमिनीत मुरत नाही, तो आमच्या घरात येतो. अशा गल्लीतल्या एखाद्या घराने मातीच्या भिंती घातल्या तर पहिल्याच पावसाळ्यात त्या विरघळतील. म्हणजे मातीच्या घरालाही आधी चांगली नाली लागते. रस्त्याकडेला होते ते कडुनिंब रस्त्यासाठी गेले. एका झाडाने चार टिनांवर सावली धरली होती. हे नुकसान कोणत्याही एका घराच्या गुणपत्रिकेत दिसणार नाही.

दुसरे असे की, वस्तीला बांधकामाचे ज्ञान आहे, पण त्या ज्ञानाला प्रतिष्ठा नाही. कबाड्याकडून आणलेला दरवाजा, पाडलेल्या वाड्याची तुळई, दुसऱ्यांदा वापरलेला टिन, फुटक्या फरश्यांचे अंगण. आमची घरे पहिल्यापासून अशीच उभी राहिली. आता जुना सागवानी दरवाजा श्रीमंताच्या दिवाणखान्यात जातो तेव्हा त्याला पुनर्वापर म्हणतात. आम्ही लावला तेव्हा ती गरिबी होती. नागपुरातली बहुतेक घरे ज्यांनी बांधली, ते गवंडी, सेंटरिंगवाले, घमेली उचलणाऱ्या बाया आपल्याच वस्त्यांतून निघाल्या आहेत. पर्यावरणपूरक बांधकाम शिकवायचेच असेल तर ते सभागृहात मालकाला शिकवण्याआधी ठिय्यावर उभ्या असलेल्या गवंड्याला शिकवा, आणि त्याच्याकडून शिका.

तेव्हा आपण काय म्हणावे? मातीला नकार देणे हे आपले काम नाही. मातीने आपला अपराध केलेला नाही. ती आपल्यावर ज्यांनी लादली त्यांनी केला. बेकरांच्या पद्धतीत विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात. भिंतीला पाव भागाने विटा कमी लागतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. स्लॅबच्या खालच्या भागात, जेथे काँक्रीटचा उपयोग कमी असतो, तेथे जुने कवेलू घालून सिमेंट वाचवता येते आणि खोली थंड राहते. स्लॅबवर उन्हाळ्याच्या आधी चुन्याचे दोन हात दिले तर ऊन परत फेकले जाते. ह्याला फार पैसे लागत नाहीत. ही तंत्रे गरिबाला श्रीमंताइतकीच, किंबहुना अधिक उपयोगाची आहेत. पण ती पक्क्या घराच्या जागी नकोत, पक्क्या घरात हवीत. सरकारच्या लेखी मातीची भिंत म्हणजे कच्चे घर. ग्रामीण आवास योजनेत पक्क्या घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे. रमाई आवास योजनेतून मिळणाऱ्या घराला समोरासमोर दोन खिडक्या, पोकळ भिंत आणि पांढरे छत का असू नये, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी विचारला पाहिजे. अनुदानाचा हप्ता मिळवून देण्यापाशी आपले काम संपत नाही.

आणि घर म्हणजे नुसता गारवाही नव्हे. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. कर्जाचा आणि कामाचा डोंगर असताना ह्या माणसाने घराची पहिली गरज म्हणून वाचनाची जागा मोजली. मे महिन्यात परीक्षेचा अभ्यास करणारी आमच्या गल्लीतली मुले दुपारी बुद्धविहाराच्या सावलीत येऊन बसतात, कारण घरात बसवत नाही. एखाद्या वस्तीतल्या मुलीला भर उन्हाळ्यात, दुपारी दोन वाजता, आपल्या घरात बसून दोन तास वाचता येते की नाही, ही पर्यावरणपूरक घराची माझी कसोटी आहे. त्या घरासाठी कोणाची विहीर राखेने भरली नसावी, वीट करणाऱ्याला पुरती मजुरी मिळालेली असावी, आणि त्या घरात सारवण असेलच तर ते घरातल्या बाप्यांनीही करावे.

ह्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांनी एक काम करावे, असे मला वाटते. आपापल्या वस्तीतल्या दहा घरांत दुपारी आणि रात्री किती अंश उष्णता असते, ते साध्या तापमापकाने महिनाभर लिहून ठेवावे. पाच छतांना चुना द्यावा, पाच तशीच ठेवावीत. शिक्षकांनी ती वही तपासावी आणि कार्यकर्त्यांनी ती महापालिकेच्या सभेत न्यावी. सभागृहातल्या वक्त्यांनाही बोलवावे. ते जाणकार आहेत, त्यांचा उपयोग होईल. फक्त वस्तीत आल्यावर त्यांनी माझ्या आईच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.